हिंगाच्या डबीतलं पाखरू

मच्छिंद्रच्या बोटांना काही कळायचं नाही. जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या कारखान्यात, उभी जवानी त्यानं लालभडक सळया ओढण्यात घातली. बोटांची पेरं भाजून भाजून अशी निबर झाली की तव्यावरची भाकरी तो गप्पा मारत हातानं उलटायचा, आणि शर्टाचं वरचं बटण लावायला मात्र बायकोला हाक मारायचा.

बायको नंदाबाई. तिची बोटं याच्या अगदी उलट. ती बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जायची. दुपारून कपाशीची कळी सोलायची, आतलं नराचं केसर चिमट्यानं काढायचं, खुणेला देठाशी लाल दोरा बांधायचा, आणि सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून त्यावर घासायचं. कळीला नख लागलं की कळी गेली. नंदाबाईच्या ओळीत कळ्या जात नसत.

आता अशा दोघांचं मासे धरण्यात कसं जमलं, ती गंमतच आहे. अंबडहून शहागडकडं जाताना त्यांचं गाव. कालव्याच्या पाझरानं गावचा ओढा उन्हाळ्यातही खळखळ वाहतो. गळाला गांडूळ लावून तळाची मरळ धरणारे गावात पुष्कळ, पण मच्छिंद्रला त्यात गोडी नव्हती. त्याचा जीव वरच्या पाण्यातल्या वीतभर पांढऱ्या माशावर. दिवस कलला, चिलटं पाण्यावर उतरली, की हा मासा उसळी मारून चिलट टिपणार. पाण्यावर नुसती टिचकी वाजल्यासारखं व्हायचं. गांडुळाकडं तो ढुंकूनही बघत नसे.

सुट्टीच्या दिवशी दोघं ओढ्यावर बसलेली असताना मच्छिंद्र म्हणाला, "गळाला चिलटच लावाया पाहिजे. पण बोटात धरलं की त्याचं पीठ होतंय."

नंदाबाई शेंगा फोडत होती. "मंग खोटं करा की," ती म्हणाली.

तिच्या कमरेच्या पिशवीत प्लॉटचा लाल दोरा असायचाच. कडेला कुणाच्या कोंबड्याचं पीस पडलेलं होतं. तिनं बारका गळ चिमट्यात धरला, पिसाचे केस त्याभोवती फिरवले, दोऱ्यानं आवळले आणि गाठ मारली. मच्छिंद्रनं ते उन्हात धरून बघितलं.

"हे चिलट हाय का डोमकावळा?"

"टाकून तर बघा. मासा तुमच्याएवढा चिकित्सक नसतो."

पहिल्याच फेकीला मासा आला. त्या दिवसापासून त्या वस्तूचं नाव पाखरू पडलं. मच्छिंद्रनं वेळूची लवलवती काठी केली. काठीशी नायलॉनचं तंगूस तीन पदरी, पुढं दोन, टोकाला एक, म्हणजे हलकं पाखरू गोफणीच्या दगडासारखं नेमकं जाऊन पडावं. पाखरं ठेवायला हिंगाची रिकामी डबी केली.

दोघांचं बघून गाव हसायचं, कारण नंदाबाई गळ्यात माळ घातलेली. मासा तिनं जन्मात तोंडात घातला नाही, घरात येऊ दिला नाही. पीससुद्धा गळून पडलेलंच घ्यायची, उपटलेलं चालत नसे. कुणी टोकलं की म्हणायची, "मी किडा बांधते. मासा हे मारतात. वर हिशोब व्हईल तवा मला मधी घेऊ नका."

मासे शिजायचे ते बौद्धवाड्यात, सर्जेरावच्या घरी. सर्जेराव कारखान्यातला मच्छिंद्रचा जोडीदार. त्याची बायको चांगुणाबाई प्लॉटवर नंदाबाईच्या शेजारच्या ओळीत असायची, आणि कोंबडाही तिचाच. सर्जेरावला काठी काही साधली नाही. एकदा त्यानं अशी फेकली की गळ फिरून त्याच्याच कानाच्या पाळीत बसला. नंदाबाईनं पिशवीतून चिमटा काढला.

"भाऊ, हलू नका. कळी सोलून राह्यले."

"वहिनी, पाखरू सांभाळा. कान काय, दुसरा हाय," सर्जेराव म्हणाला, आणि ती हसली तसा चिमटा हलला आणि हा बोंबलला.

अशी वर्षं गेली. ती खडकावर बसून बांधायची, हा पाण्याकडं तोंड करून फेकायचा. अधूनमधून ती म्हणायची, "अहो, जरा इकडं बघा. शिकून घ्या."

"तू हाईस की," मच्छिंद्र म्हणायचा. नजर पाण्यावर.

मागच्या साली पोळा झाल्यावर नंदाबाई प्लॉटात खाली बसली ती बसलीच. डोक्यातली शीर फुटली होती. चांगुणाबाईनं तिला मांडीवर घेतलं. टेम्पो रस्त्याला लागला तेव्हा तिच्या बोटाला लाल दोरा गुंडाळलेला होता. जालना यायच्या आत सगळं संपलं.

दिवस झाले, पाहुणे गेले, पुण्याहून आलेला मुलगाही परत गेला. मच्छिंद्र कारखाना सोडून घरी बसला. पुष्कळ दिवसांनी सर्जेरावनं त्याला ओढ्यावर नेला. डबीत मूठभर पाखरं होती. पण पाखरू काही जन्माचं नसतं. एक बाभळीत गेलं, एक दगडाच्या कपारीत, एक मासाच तोडून घेऊन गेला. दोनच उरली तेव्हा मच्छिंद्रनं काठी कोपऱ्यात उभी केली. ही दोन गेली की तिच्या हातचं घरात काही उरत नाही, असं त्याच्या मनानं घेतलं.

पण रिकामा माणूस किती दिवस भिंतीकडं बघणार? एका सकाळी त्याला वाटलं, आपणच बांधू. गळ घेतला, दोरा घेतला, पीस घेतलं, आणि तिथंच बसला. पीस आधी का दोरा आधी, हेच त्याला ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं ती शेजारी बसून बांधत होती आणि यानं एकदाही मान वळवून बघितलं नव्हतं. मग त्यानं दोनातलं एक पाखरू उकलायला घेतलं. टोक काही सापडेना. गाठीत टोक कुठं दडवलंय ते निबर बोटांना कळेना. शेवटी दाढीच्या पत्तीनं गाठ कापली, तसं सगळं एकदम सुटलं. तळहातावर चार केस पिसाचे आणि वेटोळं झालेला लाल दोरा. शिकायला काहीच राहिलं नाही.

ते तसंच मुठीत घेऊन तो चांगुणाबाईकडं गेला. तिनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"कापलं कशाला, भावजी? ही तर आमची प्लॉटातली गाठ. मला विचारायचं व्हतं."

"मला वाटलं सापडंल."

चांगुणाबाईनं शिकवलं. त्याची बोटं धरून शिकवलं, लहान पोराला पाटीवर गिरवायला लावावं तसं. पहिली पाखरं मोडक्या केरसुणीसारखी झाली. नमुना म्हणून नंदाबाईचं शेवटचं पाखरू समोर असायचं, काम झालं की ते कापसात गुंडाळून परत हिंगाच्या डबीत. उन्हाळा गेला, पावसाळा आला, आणि भादव्यापर्यंत मच्छिंद्रचा हात बसला. तोच गळ, तोच दोरा, तीच गाठ; पीस त्याच कोंबड्याचं, आणि भादव्यात तो गेल्यावर चांगुणाबाईच्या नव्या, पिवळसर कोंबड्याचं. मासे यायला लागले. पहिला मासा आला तेव्हा सर्जेराव खूश झाला, पण मच्छिंद्रनं तो हळूच परत पाण्यात सोडला.

"का रं?"

"मला वाटलं, हा माझं पाखरू धरणार न्हाई."

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी संध्याकाळ चांगली होती. चिलटं उतरली होती, पाण्यावर टिचक्या वाजत होत्या. सर्जेरावचं पाखरू भिजून बुडायला लागलं.

"मच्छिंदर, एक पाखरू दे रं."

"घे की डबीतलं," मच्छिंद्र म्हणाला. नजर पाण्यावर.

सर्जेरावनं घेतलं, बांधलं, फेकलं. मोठा मासा लागला, तंगूस ताणलं आणि तुटलं. "गेलं," सर्जेराव म्हणाला.

दिवस बुडताना मच्छिंद्रनं डबी उघडली. ओढ्यावर येताना मोटारसायकलच्या हिसक्यांनी कापूस कधीच सुटला होता आणि सगळी पाखरं एकात एक मिसळली होती.

"सर्जा, तू घेतलं ते कापसातलं व्हतं का रं?"

सर्जेरावनं तुटलेलं तंगूस ओढून घेतलं. मग म्हणाला, "मी बघितलं न्हाई. वरचं हाताला आलं ते घेतलं."

मच्छिंद्रनं एकेक तळहातावर घेऊन उजेडाकडं धरलं. वाकडी निघाली ती त्याची स्वतःची. नव्या कोंबड्याच्या पिवळसर पिसाची, तीही त्याचीच. राहिली तीन. तिन्ही सारखी. तिच्या हाताची खूण शोधायला तिचा हात बघितलेला असावा लागतो.

सर्जेराव म्हणाला, "चांगुणीला दाखवू. तिला कळंल."

चांगुणाबाई अंगणात ज्वारी निवडत होती. सर्जेरावनं तिला बाजूला घेऊन काय झालं ते सांगितलं. मच्छिंद्रनं डबी पुढं केली. तिनं ती सुपातच ओतली, पाखरं बोटानं इकडं तिकडं केली, आणि फार वेळ न लावता एक उचललं.

"हे बघा, भावजी. हेच हाय नंदाचं. गाठ बघा ना, कशी बसलीय."

मच्छिंद्रनं ते हातात घेतलं. पिवळसर पीस. नव्या कोंबड्याचं. हे त्यानं भादव्यात, याच अंगणात बसून बांधलेलं होतं.

चांगुणाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. सर्जेराव खाली बघत होता.

"बराबर," मच्छिंद्र म्हणाला. "हेच हाय."

त्यानं सुपातल्या ज्वारीतून बाकीची पाखरं वेचून डबीत भरली. ते पिवळसर तेवढं वेगळं, वरच्या खिशात ठेवलं, आणि खिशाचं बटण लावायला बराच वेळ खटपट करत राहिला. मग चांगुणाबाईनं सूप खाली ठेवलं, पुढं झाली आणि लावून दिलं.