हॉलमधला कापूस आन् शोरूमचा फिल्टर

चहा घ्या, निवांत घ्या, पण आधी कबूल करा का कोणी हासाचं नाई. कारण ह्या साऱ्या भानगडीत माही काहीच चूक नोहती. म्हणजे, अर्ध्या रस्त्यापर्यंत तरी नोहती!

मी शाळेत विज्ञान शिकवतो, हे तुमाले माहीतच हाये. राह्यतो यवतमाळात, पण राळेगावजवळ बापाचं आठ एकर वावर हाये. त्या साली बोंडअळीनं खाऊन जो कापूस उरला, त्याचा भाव ऐकला आन् माहं डोकंच फिरलं. अरे, कापूस हाये का कचरा? मी म्हणलं, नाई विकत! भाव वाढल्याबिगर एक बोंडही घराबाहेर जात नाई!

मंग ठिवाचा कुठं? घरात, दुसरं कुठं! सोफा गेला गच्चीवर, टीव्ही गेला आतल्या खोलीत, आन् हॉलमध्ये पार खिडकीपर्यंत वीस क्विंटल कापूस. पाव्हणे आले का त्यायले सैपाकघरात पाटावर बसवाचं.

आठ दिवसांत माह्या बायकोले, म्हणजे सुनंदाले, शिंका सुरू झाल्या. एक-दोन नाई हो, एका दमात अकरा! मी मोजल्या हायेत.

"कापसानं होऊन राह्यलं हे. विकून टाका," ते म्हणे.

"कापसानं शिंका आल्या असत्या, तर अख्खा जिल्हा शिंकत बसला असता!"

"मंग कायनं येतात? गाडीत तर अजूनच येतात मले."

बस! हेच पाह्यजे होतं मले. गाडीत कुठं हाये कापूस? गाडीत हाये एसी. आन् एसीत असते फिल्टर, हवा गाळाचा! मी तिले दहा मिनिटं समजावून सांगतलं. तिनं ऐकून घेतलं आन् म्हणलं, "ठीक हाये. गाडीच्या फिल्टरनं शिंका येत असतील तर तुमचा कापूस राहू द्या. पण कापसानं येत असतील, तर दुसऱ्या दिवशी घराबाहेर. मंजूर?"

"मंजूर!" आता सांगा, विज्ञानाचा मास्तर मांगं हटन का?

शोरूमले फोन लावला. त्यायनं फिल्टरची किंमत सांगतली, वरून बसवाची मजुरी सांगतली. तेवढ्या पैशात आम्ही दोघं नागपूरले जाऊन, जेवून, पिक्चर पाहून आलो असतो! आन् गंमत म्हणजे दोन महिन्यांआधीच त्यायनं सर्व्हिसिंगमध्ये फिल्टर बदलला होता. बिलात लिवलं होतं तसं! कागदाच्या एका घडीसाठी कितीदा लुटाल बावा माणसाले?

म्हणलं, नाई देत. मीच बदलतो.

बसस्टँडजवळच्या दुकानातून फिल्टर आणला. मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस हासत हासत पाच मिनिटांत फिल्टर बदलते. मले सीटसमोरचा कप्पा काढालेच घंटा लागला. पाय दारातून बाहेर, मुंडकं डॅशबोर्डच्या खाली, आन् कप्प्यातली सुपारी माह्या कानात! एक क्लिप टक्कन मोडली. थे आधीचीच ढिली होती, हेही ध्यानात ठिवा.

शेवटी आतलं झाकण उघडलं, हात घातला, आन् बाहेर काय आलं? कापूस! पांढराधोट, चांगला ओंजळभर!

"सुनंदा! धाव! चोर सापडला!"

ते कणकीच्या हातानं धावत आली. मी ओरडलो, "पाह्य! फिल्टरचे पैसे घेतले आन् आत कापूस कोंबला! स्वस्त झाला न कापूस! आपल्याच जिल्ह्यातला कापूस, आपल्याच गाडीत घालून, आपल्यालेच फिल्टरच्या भावात विकला!"

सुनंदानं त्या कापसाकडं पाह्यलं. मंग हॉलच्या खिडकीकडं पाह्यलं. मंग म्हणे, "आधी आत उलीसं पाहून तर घ्या."

"पाहाचं काय त्याच्यात? चाल, साक्षीले चाल!"

कापूस कापडी पिशवीत घातला. कप्पा तसाच लोंबत होता, साऱ्या रस्त्यानं खडखड करत होता. सुनंदा बाजूले बसून शिंकत होती. प्रत्येक शिंकेसरशी माहा पारा एक एक घर वर चढे.

शोरूममध्ये त्या दिवशी गर्दी. महागावचा एक कापसाचा व्यापारी नवी गाडी घ्याले आलता, सारं खानदान घेऊन. गाडीले हार, चाकाखाली लिंबू, बाई नारळ फोडून राह्यली. मी सरळ मधात घुसलो आन् काचेच्या टेबलावर पिशवी उपडी केली.

"हा पाहा तुमचा फिल्टर!"

आतून सुपरवायझर धावत आला. पाह्यतो तर माहाच जुना विद्यार्थी, मारेगावचा प्रवीण!

"सर, काय झालं?"

"तूच सांग काय झालं! हेच शिकवलं का मी तुले? लोकायच्या गाडीत कापूस कोंबाले?"

आता असं पाहा, दुसऱ्या कोणत्या शहरात असा तमाशा झाला असता तर लोक माह्या बाजूनं बोलले असते, नाई तर मालकाच्या बाजूनं. पण हे यवतमाळ! टेबलावर कापूस पाह्यला आन् जो तो पुढं आला. एकानं चिमूट उचलून बोटात दाबली. दुसऱ्यानं ओढून धागा पाह्यला. वॉचमनही काठी ठिवून आला.

"धागा बरा हाये."

"कवडी नाई दिसत याच्यात, किडका-पिवळा एक पुंजका नाई."

"वाळलेला हाये चांगला. पहिल्या वेच्याचा हाये हा."

"अहो, भाव कायचा करता!" मी ओरडलो. "फसवणूक झाली माही!"

ऐकते कोण! नव्या गाडीचा पेढा तोंडात टाकत तो व्यापारीही आला. त्यानं बोंडाची एक पाकळी उकलली, सरकी काढली, दाताखाली फोडली. "मास्तर, माल एक नंबर हाये. असा अजून हाये का?"

काय सांगू तुमाले! साऱ्या हंगामात माह्या कापसाले कोणी चांगलं म्हणलं नोहतं. मले राहावलंच नाई.

"हाये का म्हणजे? वीस क्विंटल! हॉलमध्ये रचला हाये, खिडकीपर्यंत!"

बोललो, आन् मंग माह्या कानानं ऐकलं.

प्रवीण एकदम हळू आवाजात म्हणे, "सर, गाडी कुठं उभी करता?"

"त्याच खिडकीखाली," मी म्हणलं. तोंडच थांबून नोहतं राह्यलं माहं.

तो गाडीकडं गेला. दोन मिनिटांत परत आला, हातात फिल्टर. कडा कुरतडलेल्या, पण फिल्टर होता. वर मार्करनं दोन महिन्यांआधीची तारीख, त्यायच्या कारागिराची सही.

"सर, झाकणाच्या आत उंदरानं घर केलं हाये. तुम्ही वरची गादी काढली. फिल्टर तिच्या खाली होता. आन् आम्ही कापूस कोंबलाच असता, तर जिनिंगमधली रुई कोंबली असती. सरकीसकट कापूस शोरूममध्ये कुठून येईल?"

कोणीतरी मांगून फिसकन हासलं. मी वळून पाह्यलं तर वॉचमन. पण मी हार मानतो का? मुद्दा फिल्टरचा नोहताच! मुद्दा होता शिंकांचा!

"राहू दे थे. पण बाईसाहेबाले शिंका एसीनं येतात, हे तर खरं? सुनंदा, सांग यायले!"

आता माह्या ध्यानात आलं का शोरूममध्ये एसी धाडधाड चालू होता, आन् अर्ध्या घंट्यात सुनंदा एकदाही शिंकली नोहती. तिनं टेबलावरचा एक पुंजका उचलला, नाकापाशी नेला.

अकरा. त्या नवीन गाडीवाल्याच्या लेकीनं मोठ्यानं मोजल्या.

"सर," प्रवीण मान खाली घालून म्हणे, "आधी निरीक्षण, मंग निष्कर्ष. तुम्हीच शिकवलं होतं."

सांगा आता! स्वतःच्याच विद्यार्थ्याच्या तोंडून, पंधरा-वीस माणसांपुढं! सुनंदानं माह्याकडं पाह्यलं. ते सरळ त्या व्यापाऱ्याकडं वळली. "भाऊ, मॅटॅडोर सकाळी किती वाजता पाठवता?"

कापूस गेला. मी भाव विचारलाही नाई, कोण्या तोंडानं विचारू? प्रवीणनं मी आणलेला फिल्टर फुकट बसवून देल्ला. बिल केलं थे फक्त मोडलेल्या क्लिपचं!

दुसऱ्या दिवशी सोफा खाली आणला, टीव्ही जागेवर ठिवला. सुनंदाची शिंक बंद. हॉल असा मोकळा का आवाज घुमे. मी झाडू घेऊन कोपऱ्यातली शेवटची धूळ काढाले वाकलो, आन् नाकात काय गेलं कोणास ठाऊक. एक आली, दोन आल्या, थांबाचं नावच नाई.

सैपाकघरातून सुनंदाचा आवाज आला, "अहो, गाडीचा फिल्टर पाहून येता का जरा?"