म्हादूचा बिरेक

लिही गं पल्लवी, मी सांगते तसंच लिही. बिरेक म्हंजे सगळीकडं हाय आता. टीव्हीत बाई रडायला लागली की बिरेक, मग आपण साबण बघायचा, मग परत ती रडणार. शाळेत मास्तरास्नी चा प्यायचा झाला की बिरेक. रामनगरच्या रस्त्यावर तर असले बिरेक घातलेत की घरी येईस्तवर कंबर कुटं पडली ते हुडकाय लागतंय. पण ह्या सगळ्यांच्या वरताण माझा धाकटा भाऊ, म्हादू.

म्हादू तरणा हुता तवा लाकडं भरलेल्या बैलगाड्या घाटातनं सरकारी डेपोला न्यायचा. भरलेली गाडी उताराला बैलांच्या अंगावर येती. म्हणून मागं दोरीनं जाड ओंडका बांधायचा. त्यो रस्त्याला घासत आला की गाडी आवरती. त्योच बिरेक. येकदा दोरी तुटली. येक बैल उठलाच न्हाई, आन् म्हादूचा पाय आजून वाकडा पडतोय. पुढं गाड्या बंद झाल्या, पर ओंडका घरामागं परड्यात तसाच. बायकूच्या डोक्याला न्हाई, पर ओंडक्याला तेल.

तवापासनं ह्येनं कशाला बिरेक लावला न्हाई ते इचारा. दुसरा घास घ्यायच्या आदी पयला पोटात पोचला का बघणार. त्येच्या पोराचं, नागेशचं, रामनगरच्या पूर्णिमाशी ठरलं. तर लगीन येकदा भातकापणी हाय म्हणून पुढं, येकदा पाऊस लांबला म्हणून पुढं, आन् येकदा काय कारणच सापडलं न्हाई म्हणून पुढं. शेवटी पोरीचा बाप अर्जुन म्हणाला, "ह्यो मुहूर्त चुकला तर पोरगी दुसरीकडं देणार. ती काय फणस न्हवं, पिकंस्तवर ठेवायला."

लग्नादिवशी सकाळी गावातल्या झिलूची नवी जीप आमच्या गुंद गावात, दारात आली. नागेश बाशिंग बांधून बसला, मी बसले, बायका बसल्या. म्हादू परड्यातनं ओंडका ओढत आला.

"काका, ह्ये काय?" झिलू म्हणाला.

"बिरेक."

"गाडीला हाय की. नवा हाय, चांगला हाय."

"चांगला हाय म्हणूनच भ्या वाटतंय. वाईट असता तर तू जपून चालवला असतास."

"आत्या, तू तरी सांग की," नागेश मला म्हणाला.

मी म्हटलं, "म्हादू, गप गाडीत बस. लोकं हसतील."

"हसू देत, आक्का. हसणारं माणूस जित्तं असतंय."

बापाबिगर पोरगा निघंना. बांधला ओंडका. उतार संपला की जंगलखात्याच्या नाक्याच्या अलीकडं सोडायचा, असं ठरलं. पुढं नवरदेव, मागं ओंडका, त्येच्या मागं धुरळा. असली वरात बघून वाघ बी बाजूला झाला असंल.

सोडायच्या आदीच वळणावर जंगलखात्याचा गार्ड नागराज उभा. त्येनं हात केला. झिलूनं पायातला बिरेक दाबला, आन् त्यो बेस लागला.

"ह्या लाकडावर डेपोची छाप कुटं हाय?" नागराजनं इचारलं.

"लाकूड न्हवं त्ये, बिरेक हाय," म्हादू म्हणाला.

नागराज गाडीला येक फेरी मारून आला. "अज्जा, मी लई चोर बघितले. पाल्याखाली लपवून नेत्यात. नवरदेव बसवून कुणी नेलं न्हवतं. गाडी, लाकूड, माणसं, सगळी हितंच. साहेब आल्यावर बघू."

"साहेब कवा येणार?"

"येतील की."

ह्ये "येतील की" म्हंजे असला बिरेक की नुसता लागतोय, सुटत न्हाई. तिकडं अर्जुन घड्याळ बघत असणार. नागेशचं घामानं बाशिंग नाकावर आलेलं, तसाच बापाकडं बघत राह्यला. म्हादूनं त्येच्याकडं बघितलं आन् खाली उतरला.

"लाकूड माझं, बांधलं मी. मला ठेवून घे, गाडी सोड."

"आन् पळून गेलास तर?"

"ह्या पायानं?"

नागराजनं नवरदेवाकडं बघितलं, पायाकडं बघितलं, आन् मान हालवली. म्हादूनं सवताच्या हातानं गाठ सोडली. पुढं आजून उतार हुताच. खिडकीशी आला आन् झिलूला म्हणाला, "उशीर झालाय. जोरात जा."

झिलूच्या हातनं गाडीच बंद पडली. त्येला वाटलं म्हाताऱ्याला ताप चढला.

मुहूर्त गाठला. बापाच्या जागी मी उभी राह्यले. अर्जुननं इचारलं, "व्याही कुटं ऱ्हायले?" म्हटलं, "त्येस्नी सरकारनं ठेवून घेतलंय. लई आग्रह केला."

परत येताना बघते तर म्हादू ओंडक्यावर बसून नागराजसंगं चा पितोय. साहेब येऊन हसून गेलेले. म्हादूला सोडलं, ओंडका चौकशीला ठेवला. पूर्णिमा उतरून सासऱ्याच्या पाया पडली. बाजूला तेल लावलेला ओंडका बघून तिला वाटलं हितला देव असंल. त्येला कुंकू लावलं, त्येच्याबी पाया पडली. नागराज टोपी काढून उभा. आता चौकशीला उचलायचा तरी कुणी?

तिथनं घरापत्तोर सगळा चढ. म्हादू झिलूच्या शेजारी बसला आन् वाकडा पाय खालच्या पत्र्यावर दाबून धरला.

"काका, चढ हाय ह्यो," झिलू म्हणाला.

"ठावं हाय," म्हादू म्हणाला, आन् आणखी दाबला.