अण्णा डॉक्टरांच्या मुशा

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर चार माणसं जमली की अण्णा डॉक्टरांचा विषय निघतोच. मी त्यांच्या माशांची चित्रं काढायचो, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघतात. एक किस्सा सांगावा तर मागं दुसरा उभाच असतो. बरं, ऐका.

अण्णा सरकारी डॉक्टर, घरचे कडक सोवळे, आणि वेड कसलं, तर मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं! फाडाफाडी चाले दवाखान्याच्या मागच्या पडवीत. एकदा एक पेशंट तिथं डोकावला. टेबलावर रक्त, अण्णांच्या हातात सुरी. गडी दुखणं विसरून पळाला. अण्णा म्हणाले, "चला, एक बरा झाला."

घरी वहिनी त्यांना विहिरीवर आंघोळ घालूनच आत घेत. "अगं, फाडली फक्त, खाल्ली नाही." वहिनी म्हणत, "खाल्ली असतीत तर निदान कारण तरी कळलं असतं."

एकदा कल्याणला मोठी मुशी मिळाली. गोणपाटात गुंडाळून आगगाडीत बाकाखाली सरकवली. वासानं डबा रिकामा. गार्ड नाक दाबून आला, "आत काय आहे?"

"पेशंट," अण्णा म्हणाले.

ठाण्यापर्यंत मी पाय पसरून झोपलो.

पण अण्णांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला. मुंबईच्या एका विद्वान साहेबानं सगळ्यांदेखत त्यांना हसून म्हटलं होतं, "तुमच्या खाडीतली मुशी अंडीच घालते." अण्णा म्हणत, पिल्लं देते. साहेब स्वतः बघायला येणार ठरलं आणि नेमकी गाभण मुशी मिळेना. अण्णांचं जेवण तुटलं. आदल्या संध्याकाळी बाळकुमच्या पास्कू कोळ्याचा निरोप आला: मिळाली, सकाळी घरी या.

सकाळी साहेबाला घेऊन आम्ही पास्कूच्या दारात. त्याची बायको कात्रीन हसत बाहेर आली. "लेक बाळंत झाली, डॉक्टर. नातू झाला!"

बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण देतात, हे ठाण्यात कुणाला सांगायला नको. अण्णा पांढरेफटक पडले. "कात्रीन, माझी मुशी?"

"पिल्लांना नाय हात लावला," ती घाईनं म्हणाली. "बाळंतिणीच्या घरात पोटातली पिल्लं कशी मारायची?"

अंगणातल्या घंगाळात वीतभर पिल्लं गरागरा फिरत होती. साहेब गुडघ्यांवर बसून बराच वेळ बघत राहिला. मग अण्णांचा हात धरून म्हणाला, "डॉक्टर, मी हरलो." अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू.

साहेबाला आता पिल्लांच्या आईचं माप घ्यायचं होतं. "मुशी कुठे आहे?"

कात्रीननं पाट मांडला. "बसा सायेब. शेपटीकडचे दोन तुकडे राहिलेत."