आत्याने ठेवलेलं नाव

वैभवी जर्मनीतल्या आखनच्या विद्यापीठात बॅटऱ्यांवर पीएचडी करते आणि माझ्याबरोबर एकाच फ्लॅटमध्ये राहते. भांडी न घासणं आणि मालिका बघणं, या दोन बाबतींत तिचा हात कुणी धरणार नाही. गेली सहा वर्षं ती एकच मालिका बघत होती. मालिकेचं नाव मी मुद्दामच सांगत नाही, तिचे चाहते फार लवकर अंगावर येतात. राजेरजवाडे, जादू, बोलणारे ससाणे आणि मधोमध अर्विया. ही अर्विया नावाड्याची मुलगी. पुढे ती राणी होते आणि कोरड्या पडलेल्या शहरासाठी धरण बांधते. मला त्यात काडीचा रस नव्हता. पण अर्विया आज आपल्याकडेच जेवायला आहे अशा थाटात वैभवी तिच्याबद्दल बोलायची, त्यामुळे मला सगळं तोंडपाठ झालं होतं.

डिसेंबरात वैभवीच्या भावाला, समर्थला, र्युसेल्सहाइमला मुलगी झाली. आपल्याकडे नाव बाराव्या दिवशी ठेवतात. जर्मनीत मात्र बाळ हॉस्पिटलात असतानाच नाव लिहून मागतात. समर्थ गडबडला. वैभवीची आई, मालिनीकाकू, बाळंतपणासाठी पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी ठणकावून सांगितलं, "नाव ठेवायचा मान आत्याचा. वैभवीला फोन लाव." फोन आला तेव्हा वैभवी प्रयोगशाळेत होती. हातमोजे न काढताच ती म्हणाली, "अर्विया." कुणालाही वाऱ्यावर न सोडणाऱ्या राणीचं नाव आहे, असंही तिने सांगितलं. काकूंना ते संस्कृत वाटलं. समर्थने कागद भरून दिला.

बारशाला मीही गेले होते. वैभवीने बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले. निधी, म्हणजे समर्थची बायको, बाजूला बसून हसत होती. नाव आवडलं का, असं तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग मे महिन्यात मालिकेचा शेवटचा भाग आला. सोमवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात पडदा लागला. उर्जा आणि मल्हार हे दोघे विद्यार्थी चिवड्याच्या पिशव्या घेऊन आले, आमचा जर्मन फ्लॅटमेट टोबियास चहाचा कप घेऊन कोपऱ्यात बसला. शहराने अर्वियाच्या भावाला गादीवर बसवलं होतं. ती आता काय करणार, कसा न्याय मिळवणार, याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

तिने धरणाचे दरवाजे उघडले. झोपलेलं शहर खाली होतं. छपरांवर चढलेली मुलं दाखवली, मग छपरंही दिसेनाशी झाली. वैभवीचा हात चिवड्याच्या पातेल्यात तसाच राहिला. "स्वप्न असेल हे," ती म्हणाली, "आत्ता जागी होईल ती." पण संगीत सुरू झालं, पडद्यावर नावं वर सरकू लागली. मालिका संपली होती. 

"सहा वर्षं फुकट घालवली माझी," उर्जा हुंदके देत म्हणाली.

मल्हार टाळ्या वाजवत होता. "गेनाऊ, अगदी बरोबर, हेच व्हायला हवं होतं. दुसऱ्या सीझनमध्ये तिने शत्रूंच्या होड्या जाळल्या, माणसांसकट, तेव्हा तुम्ही सगळे शिट्ट्या मारत होतात. आज कशाला रडताय?"

टोबियासने चष्मा पुसला. "कॉन्सेक्वेंट," म्हणजे सुसंगत शेवट आहे, एवढंच म्हणून तो कप विसळायला गेला. उर्जाने तो कप त्याच्याच डोक्यात घातला असता. शेवट पुन्हा लिहा म्हणून ती फोनवर सह्या गोळा करू लागली, मल्हार तिथेच शेवटाची आरती ओवाळू लागला. जगभर हेच चाललं होतं म्हणे. परत जातानासुद्धा दोघं एका बसने गेले नाहीत.

वैभवी दोघांच्याही बाजूची नव्हती. ती काळ्या पडद्याकडे बघत बसली होती.

"माझ्या भाचीचं नाव आहे ते," ती म्हणाली.

आठवडाभर तिचं कामात लक्ष नव्हतं. पोरं बुडवणारीचं नाव घेऊन ही पोर इथे शाळेत जाणार, आयुष्यभर लोक हसणार, आणि वहिनी मला कधी माफ करणार नाही, हेच पालुपद. नाव बदलायची चौकशी केली, तर जर्मन कचेरीला भक्कम कारण लागतं. मालिकेचा शेवट वाईट झाला, हे कारण तिथे सांगायची सोय नव्हती. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच वहिनीला सांगायचं, असं ठरवून शनिवारी ती निघाली आणि सोबतीला मला ओढलं. रेल्वेत ती वाक्यं पाठ करत होती.

समर्थ खालीच भेटला, रिकाम्या बाटल्या दुकानात परत द्यायला चालला होता. "वर जा, दार उघडंच आहे," म्हणाला.

आम्ही आत शिरलो तर आतल्या खोलीत निधी बाळाचा लंगोट बदलत होती. आमच्याकडे तिची पाठ होती.

"विभे, पाय खाली. ऐकायचं नाही का? माझी विभाराणी ती."

बाळ खिदळत होतं. वैभवी दारातच थांबली. निधीने मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. चोरी पकडल्यासारखा.

"विभा कोण?" वैभवीने विचारलं.

"माझी आई. विभावरी."

निधीची आई तिच्या लग्नाआधीच गेली, हे वैभवीला माहीत होतं. नाव माहीत नव्हतं. लग्नपत्रिकेत ते छापलेलं होतं आणि अर्ध्या पुण्याला त्या पत्रिका हिनेच वाटल्या होत्या.

"मग तेव्हा बोलली का नाहीस, वहिनी?"

"कधी बोलणार? मी शुद्धीवर येऊन नीट बसेपर्यंत तू नाव सांगितलं होतंस, समर्थने लिहून दिलं होतं. मान आत्याचा, म्हणाल्या आई. किती खूश होत्या." निधीने बाळाला उचलून घेतलं. "समर्थलाही माहीत नाही. घरात कुणी नसलं की म्हणते मी. परवा वाचलं, तिने शहर बुडवलं म्हणून. आधी हसू आलं मला. खूप हसले. मग स्वतःचीच भीती वाटली, माझ्याच पोरीचं नाव आहे गं ते." थोडं थांबून ती म्हणाली, "आईंना सांगू नकोस."

वैभवीला पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. मालिकेमुळे बसलेला धक्का तिने आम्हा सगळ्यांना आठवडाभर ऐकवला होता. हा धक्का तिला बोलूनही दाखवता येईना. एक बाई स्वतःच्या घरात स्वतःच्या आईचं नाव चोरून घेत होती, आणि ती आपल्याला घाबरत होती. मला वैभवीचा राग आला आणि तेवढाच माझाही.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पुण्याला परतलेल्या मालिनीकाकूंचा शनिवारचा व्हिडिओ कॉल. "कुठे आहे माझी अर्विया? दाखवा बघू."

निधी फोनकडे जायला लागली. वैभवीने बाळ तिच्याकडून घेतलं आणि स्वतःच फोनसमोर बसली.

"आई, हिला विभा म्हण."

"विभा? कोण विभा?"

"विभावरी. वहिनीच्या आईंचं नाव. कागदावर काही असू दे, घरात हेच."

"अगं, असं मधेच कसं बदलायचं? बारसं झालंय, लोकांना कळवलंय. कुणी ठरवलं हे?"

निधी भिंतीला टेकून उभी होती. तिने डोळे मिटून घेतले.

"मी," वैभवी म्हणाली. "आत्या मी आहे ना?"

काकूंनी फोन तोंडाजवळ धरला. मग घसा साफ करून, जरा नाइलाजानेच, त्यांनी हाक मारली, "विभा."

बाळाने चटकन मान वळवली आणि पडद्याकडे बघून तोंडभर हसलं.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "इतके दिवस हाका मारते आहे, एकदाही बघितलं नव्हतं हिने."

मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "निधी कुठे आहे?"