हो इकडे, नाही तिकडे

शाळेच्या मैत्रिणी जमल्या की किस्से म्हणजे पोह्यांवरची शेव. कितीही घाला, कुणीतरी म्हणतंच, "अजून थोडी!"

मध्यभारतातले दिवस ते. उन्हाळ्यात आमचं इंदूर राजधानी असायचं, पण तोरा आम्ही बारा महिने मिरवायचो! मल्हारगंजातली मुलींची शाळा, सातवीचा वर्ग आणि आमच्या मनोरमाबाई. बाई व्याख्या कधी सांगायच्याच नाहीत. फळ्यावर मधोमध रेघ ओढायच्या, एकीकडे 'हो', दुसरीकडे 'नाही'. दोन्हींखाली थोडी नावं लिहायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या मनात काय आहे ते ओळखा. चला, दिमाग लावा!"

ओळखण्यात आमची सरू सगळ्यांत तल्लख. पण तिचे आप्पा फौजेतून निवृत्त झालेले, आणि त्यांचा हुकूम सुटला होता, "सातवी झाली की बस! आगे शाळा बंद." हसरी पोरगी, पण ते आठवलं की एकदम गप्प व्हायची. फार वाईट वाटायचं हो.

*

एकदा 'हो'खाली दूध, तेल, ताक. 'नाही'खाली मीठ, वाटी, बर्फ. "वाहणाऱ्या वस्तू!" आम्ही ओरडलो. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "बाई, मग श्रीखंड कुठे?"

झालं! अर्धा वर्ग इकडे, अर्धा तिकडे. बाई म्हणाल्या, "भांडता कशाला? आणा आणि बघा."

दुसऱ्या दिवशी आम्ही वाट्या तिरप्या करून बघतोय, तोच मोठ्या बाई, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस, दारात! आमची पाचावर धारण बसली. त्यांनी बोटभर चाखलं आणि म्हणाल्या, "वाहतं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. वेलदोडा मात्र कमी पडलाय!"

*

सजीवांच्या धड्याला सरूने आगगाडी 'हो'खाली घालायचा हट्ट धरला. "कोळसा खाते, पाणी पिते, धापा टाकते, ओरडते. अजून काय पाहिजे?"

बाई म्हणाल्या, "अगं, पण पिल्लं घालते का?"

"परवा महूच्या गाडीला मागे छोटं इंजिन होतं ना! ते कुणाचं?"

बाई हसता हसता खुर्चीतच बसल्या. त्या दिवशी पुढे काही शिकवणं झालंच नाही.

*

सरूची आई, माई, शाळेची पायरीसुद्धा चढलेली नव्हती. आम्ही त्यांच्या ओसरीवर हा खेळ खेळायचो आणि माई स्वयंपाकघरातून ऐकायची. एक दिवस आतूनच म्हणाली, "आता माझं ओळखा. हो: लाडू, चिवडा, खोबरं. नाही: कारलं, दोडका."

"आवडते पदार्थ!" आम्ही एका सुरात.

"चूक! काल फडताळातून गायब झालेले!"

सरूचा धाकटा भाऊ बाळू जो पळाला, तो दिवेलागणीलाच घरी आला.

*

वार्षिक परीक्षा झाली, सरू पहिली आली. बाई तिच्या घरी निघाल्या, शेजारीण म्हणून मीही सोबत गेले. आप्पांनी बाईंना आदराने बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "बाईजी, शाळेचं सोडून काहीही बोला."

बाईंनी चहाचा कप उचलला. सरूने मात्र पाटी आणली, मधोमध रेघ ओढली. 'हो'खाली आप्पा आणि तिचा थोरला दादा. 'नाही'खाली माई, आजी.

"आप्पा, ओळखा."

"हॅ! पुरुषमाणसं."

सरूने 'हो'खाली लिहिलं: मनोरमाबाई.

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "अच्छा! मग पगार मिळवलेली माणसं."

सरूने 'हो'खाली लिहिलं: बाळू. बाळू तेव्हा दुसरीत होता!

आप्पांनी पाटी जवळ ओढून नावं पुन्हा वाचली. चहा निवून गेला. मग सरूच म्हणाली, अगदी हळू, "माझं नाव कुठे लिहू, आप्पा? शाळेत गेले, पण सातवीलाच थांबवलंत. रेघेवर लिहू?"

आप्पांनी तिच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. 'हो'खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं: सरस्वती. आणि पाटी पुसायला फडकं उचललं.

तेवढ्यात कणकेचे हात तसेच घेऊन माई दारात आली.

"अहो, पुसू नका. माझं नाव अजून 'नाही'खालीच राहिलंय!"