पोवळ्यांना पाजलेलं गोडं पाणी

जवळा बाजारचे उस्मानचाचा नसते, तर मी तेव्हाच तोंड लपवून माझ्या गावी, पुसेगावला परतलो असतो. आज ट्रंकेतल्या पांढऱ्या पोवळ्याचा खारट वास आला आणि ते सगळं आठवलं.

रामेश्वराजवळच्या बेटावर पुण्याचे एक साहेब जिवंत पोवळी समुद्राच्या पाण्याच्या टाकीत ठेवून त्यांची वाढ मोजत. पोटासाठी तिकडं गेलेले चाचा त्यांची नाव चालवत. चौथीत शाळा सोडलेल्या मला चाचांनीच टाकीवर लावलं होतं. एका दुपारी ऊन फार होतं. आमच्याकडं उन्हात मुकं जनावर दिसलं की पाणी दाखवतात. मी प्यायच्या पाण्याच्या दोन घागरी टाकीत ओतल्या. सकाळी पोवळी मेलेली, पांढरीफटक.

"काहून ओतलं रे?" चाचांनी विचारलं.

"तहानली असतील वाटलं."

"पाण्यात राहून तहान? लई शाणा हाईस!"

मग मला साहेबांपुढं उभं करून म्हणाले, "चूक झाली बराबर. पण गोड्या पाण्यानं काय होतं, ते वहीत लिवा ना, साहेब."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. मग वही उघडून म्हणाले, "किती वाजता ओतलंस?"

आता कळतं, त्या दिवशी चाचांची नोकरीही पणाला लागली होती. ते गावी परतलेत. विहीर घरापासून लांब आहे म्हणतात. एक दिवस जाईन आणि त्यांच्या दारातला रांजण माझ्या हातानं भरीन.