जीपच्या सावलीतला सिंह

बेंगळुरूच्या कॉटनपेटेत विठोजी आचारी म्हटलं की रिक्षावाला सरळ दारात आणून सोडतो. कैक पिढ्यांपूर्वी घराणं इकडं आलं आणि इथलंच झालं. घरात बोलणं मराठी, पण त्यात कानडी ‘स्वल्प’ आणि ‘सरी’ इतके मिसळलेले की पुण्याचा पाहुणा गालातल्या गालात हसायचा. हसू दे बापड्याला. विठोजींच्या हातचा मसालेभात वाढला की तोच पाहुणा दुसऱ्यांदा ताट पुढं करायचा.

लग्नामुंजींचा स्वयंपाक करण्यात विठोजींची हयात गेली, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांच्या नशिबात आफ्रिका आली. एचएसआर लेआउटमधली एक टूर कंपनी मराठी मंडळींना केनिया-टांझानियातून फिरवायची. विमानानं नुसतं नैरोबीपर्यंत जायचं, पुढचा सगळा प्रवास जमिनीवरून. सरोवरं, मासाई लोकांच्या वस्त्या, जनावरांची राखीव रानं. दिवसभर सिंह बघून आलेल्या माणसांना संध्याकाळी वरणभात आणि वर तूप लागतंच, त्याशिवाय त्यांना सिंह पचत नाही. म्हणून आचारी बरोबर.

आता यातली गोम बघा. स्वयंपाकाची गाडी पाहुण्यांच्या बरोबर कधीच जात नाही. पाहुणे रानातून, रमतगमत, दुर्बिणी लावून जातात. भांडी, शेगड्या आणि आचारी हमरस्त्यानं पुढं निघतात, कारण पाहुणे तंबूवर पोचले की चहा तयार हवा. त्यामुळं विठोजी पाच वेळा आफ्रिकेला जाऊन आले, पण बघितलं काय? पेट्रोल पंप, भाजीबाजार, आणि लांबून कुरणात उभे असलेले झेब्रे. सिंह एकही नाही.

घरी मात्र ते रोज फोनवर सिंह सांगायचे.

त्यांची बायको सुनंदाबाई. म्हैसूरच्या पलीकडं कधी गेल्या नाहीत. पहिल्याच फेरीत त्यांनी हौसेनं विचारलं, "अहो, आज काय बघितलं?" आणि कांदा चिरला हे सांगायची विठोजींना लाज वाटली. जेवताना पाहुणे जे बोलत होते तेच त्यांनी स्वतःचं करून सांगितलं. एकदा सांगितलं की सुटका नसते. पुढं प्रत्येक फेरीत सिंह, बिबटे, नदीतल्या मगरी, सगळं सुनंदाबाईंच्या कानावर गेलं. त्या मनापासून ऐकायच्या आणि शेवटी न चुकता विचारायच्या, "आणि तुम्ही जेवलात का?" सगळ्या जगाला जेवू घालणाऱ्या माणसाला हे विचारणारी ती एकच होती.

या वर्षी सुनंदाबाईंचं हृदय थकलं. जिना चढवेना, पायांवर सूज यायची. विठोजी म्हणाले, "मी जात नाही. दुसरा आचारी बघू देत त्यांना."

"दुसरा कुठला? निघायच्या तोंडावर माणसांना अडचणीत टाकू नका," त्या म्हणाल्या. "घरात सून आहे, लेक आहे. जा तुम्ही. पण एक करा. एक सिंह पोटभर बघून या, आणि मला सगळं सांगा. बाकी काही नको."

इतके सिंह सांगून झाले, त्यात आणखी एक कशाला? पण ती मागते आहे आणि दिवस असे आहेत, हे विठोजींना कळत होतं. या खेपेला खोटं सांगायचं नाही, असं ठरवूनच ते निघाले.

ठरवणं सोपं असतं हो. नाकुरूच्या सरोवरापाशी कुणाचं तरी पोट बिघडलं, विठोजी मुगाची खिचडी करत बसले. मासाई माराला गॅसची शेगडी रुसली. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठानं सीमा ओलांडून मंडळी टांझानियात शिरली, तेव्हा विठोजी सरकारी नाक्यावर मसाल्याच्या पुड्या उघडून दाखवत होते. रोज संध्याकाळी सुनंदाबाई फोनवर विचारायच्या, "दिसला?" आणि विठोजी म्हणायचे, "नाही अजून. दिसेल." सुनंदाबाईंचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता, पण "जेवलात का?" चुकत नव्हतं.

सेरेंगेटीत टूरचा म्होरक्या जितेंद्र म्हणाला, "महाराज, उद्या एक सीट रिकामी आहे. तुम्ही या आमच्याबरोबर." विठोजींनी रात्रीच सगळी तयारी करून ठेवली. पण सकाळी दामोदरपंत येऊन उभे राहिले. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, सज्जन माणूस. त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता आणि बायकोला, विद्याताईंना, पुरणपोळी खायची इच्छा झाली होती. "जमेल का हो?" त्यांनी इतक्या संकोचानं विचारलं की विठोजींच्या तोंडून नाही निघेना. जीप गेली. विठोजींनी हरभऱ्याची डाळ शिजायला लावली.

पोळ्या अशा उतरल्या की मंडळी बोटं चाटत राहिली. संध्याकाळी त्यांनी घरी फोन लावला तो सून मेघाश्रीनं उचलला. "मामंजी, अत्ते झोपल्यात. आत्ताच डोळा लागलाय." सासूला ती कानडी वळणानं अत्तेच म्हणायची.

"बरं, झोपू दे. बरी आहे ना?"

"आता त्रास नाही त्यांना," मेघाश्री म्हणाली.

विठोजींना हायसं वाटलं. त्रास नाही म्हणजे औषध लागू पडलं असणार. दुसऱ्या दिवशीही सुनंदाबाई झोपलेल्याच होत्या. विठोजींनी लेकाला, संतोषकुमारला विचारलं, तर तो घशात काही अडकल्यासारखा बोलला आणि सर्दी झाली म्हणाला.

आता शेवटचं रान उरलं, गोरोंगोरो. तिथं एका अजस्र कढईच्या तळाशी सारी जनावरं राहतात. कढई म्हणजे विठोजींचाच शब्द. एक जुना ज्वालामुखी खचून ती झाली आहे, असं जितेंद्र सांगत होता. पुरणपोळीच्या दिवशीची हकीकत विद्याताईंच्या कानावर गेली होती. त्या स्वतःची सीट सोडून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पोळीपायी तुमचा सिंह गेला. बसा. दुपारचे पोहे-भजी मी बघते." विठोजी नको नको म्हणत होते, बाईंनी ऐकलं नाही.

आणि सिंह दिसला. खाऱ्या तळ्याच्या बाजूला, उघड्या माळावर. म्हातारा होता. एक कान फाटलेला, आयाळ विरळ, तोंडावर माश्या. डरकाळी नाही, झेप नाही. ऊन कडक, आसपास झाड नाही. तो सावकाश चालत आला आणि जीपच्याच सावलीत येऊन पडला, अगदी विठोजींच्या बाजूला. खाली वाकलं असतं तर पाठीला हात लागला असता. जरा वेळानं मागून सिंहीण आली. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही, पाठीला पाठ लावून पडून राहिली.

ते उठेपर्यंत गाडी हलवता येईना. इंजिन बंद होतं. विठोजींना त्याचा श्वास ऐकू येत होता. असाच श्वास ते गेले कित्येक महिने अंथरुणात शेजारून ऐकत होते. त्यांना रडू फुटलं. लपवायची शुद्धही राहिली नाही. दामोदरपंतांनी मुकाट्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या संध्याकाळी फोन लागताच ते म्हणाले, "तिला उठव मेघा. झोपली असली तरी उठव. सिंह दिसला."

मग मेघाश्री म्हणाली, "त्यांना बोलवत नाही, मामंजी. तुम्ही सांगा. मी धरते फोन."

विठोजींनी सगळं सांगितलं. फाटका कान, माश्या, सावली, पाठीला पाठ. एकही गोष्ट उसनी नव्हती. मध्येच पलीकडून हुंदका आला आणि त्यांना वाटलं, सुनंदेचं मन भरून आलं. सांगून झाल्यावर ते थांबले. आता ती विचारेल म्हणून थांबले. पण कुणी काही विचारलं नाही, फोन बंद झाला. थकली असेल, असं मनाशी म्हणून ते भांडी आवरायला गेले.

बेंगळुरूला, देवनहळ्ळीच्या विमानतळावर संतोषकुमार न्यायला आला होता. डोक्याला माकडटोपी, भर उन्हाळ्यात. विठोजींना हसू आलं. "अरे, सर्दी अजून गेली नाही?"

संतोषनं टोपी काढली. डोक्यावर केस नव्हते, ओठांवर मिशी नव्हती.

आपल्याकडं यापुढं सांगावं लागत नाही. विठोजी सामानाच्या गाडीवर बसले. त्यांनी एवढंच विचारलं, "कधी?"

"तुम्ही सेरेंगेटीत होता, अप्पा. सकाळी. रानातून तुम्ही वेळेत पोचला नसता. तिथं एकटे कसे सहन कराल म्हणून मीच कळवायला नको म्हटलं. मेघाचं ऐकलं नाही मी." आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला.

सेरेंगेटीत, सकाळी. म्हणजे पुरणपोळीचा दिवस. घरात सुनंदा गेलेली आणि आपण सुतकात पुरण वाटत बसलेलो, परक्याच्या संसाराची गोडी वाढवत. विठोजींना लेकाचा रागही येईना. घरी पोचेपर्यंत ते हाताच्या तळव्यांकडं बघत राहिले.

दारातच अंघोळ करून ते आत गेले. जिथं सुनंदाबाईंना शेवटचं ठेवलं होतं तिथं पिठावर दिवा तेवत होता. विठोजी भिंतीला टेकून बसले. मेघाश्री समोर येऊन खाली बसली.

"मग मी सिंह कुणाला सांगितला, मेघा?"

"अत्तेंनाच," ती म्हणाली. "फोन या दिव्यापाशी धरला होता. तुमचं संपेपर्यंत."

"पाच फेऱ्या खोटं सांगितलं तिला. खरं सांगायला गेलो तर..."

"त्यांना ठाऊक होतं, मामंजी. पहिल्यापासून." मेघाश्रीनं पदरानं डोळे पुसले. "म्हणायच्या, भाजीबाजाराचं सांगताना यांचा आवाज खुलतो, सिंहाचं सांगताना घोकंपट्टी होते. शेगडीपुढून हलत नाहीत, सिंह कुठला बघतायत. म्हणूनच या खेपेला मागितला. म्हणायच्या, माझ्या निमित्तानं तरी एकदा मान वर करून बघतील."

दिव्याची वात जळून आखडत आली होती. मेघाश्रीनं तेल घातलं, वात सारखी केली. घरात चूल पेटली नव्हती; शेजारच्या शिल्पाश्रीअक्कानं पाठवलेला डबा कोपऱ्यात तसाच होता. मेघाश्रीनं तो पुढं ओढला, ताटात भात काढला आणि सहज, रोजचं विचारावं तसं विचारलं, "मामंजी, जेवलात का?"

तेव्हा मात्र त्या माणसानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.